उरतं

महापेला, बिस्किटांच्या गोदामाला लागून आमची खोली.
दिवसभर भिंतीतून व्हॅनिलाचा वास,
आणि ट्रेमध्ये चोपन्न बाटल्या, प्रत्येकीत दीड मिली:
दक्षिण ध्रुवाकडे कुणी नळी घालून उपसलेला बर्फ
जहाजातून गोठलेला आला,
इथे येऊन पाणी झाला.

सुई एकेका बाटलीत सहादा बुडते.
पहिले तीन आकडे मी खोडते,
कारण यंत्राला आधीच्या पाण्याची आठवण असते.
तीन घोट लागतात त्याला विसरायला.
दर नऊ बाटल्यांनंतर एक मोरबेची,
आमच्याच नळाची, आकडा पाठ असलेली.
परक्या पाण्याला जोखायला घरचं पाणी लागतं.

पाण्यातही जड आणि हलकं असतं
हे मला कॉलेजात शिकवलं.
ऊन लागलं की हलकं आधी निघतं.
ढगात चढलेलं जड वाटेतच गळत जातं,
ध्रुवापर्यंत पोचता पोचता ढग हलका होत जातो.
थंडी जितकी कडक, बर्फ तितका हलका.
खालच्या बाटल्या उणे एकोणचाळीस, उणे साडेअडतीस.
वरच्या, माझ्या जन्मानंतरच्या,
उणे सदतीस, मग पुन्हा अडतीस, मग छत्तीस.
कुरियन सर म्हणतात, एका वर्षावरून काही बोलू नकोस.
मी बोलत नाही.
रेघ मात्र माझ्या देखत वर सरकते.

आमच्या बापसाला हे शिकवावं लागलं नाही.
करावे गावच्या आगरात तो पंधरा वर्षं
उन्हात पाणी मुरवत उभा होता.
बोट बुडवायचा, जिभेला लावायचा, थुंकायचा:
आज नको, परवा.
परवाच मीठ धरायचं.
आता त्या कोंड्यांवर सेक्टर आहे, त्याला नंबर आहे,
आणि चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत
उधाण कधी, भांग कधी
हे तो अजूनही दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो.
का, ते विचारलं नाही कुणी.

नियम असा, की मोजून झालं की पाणी सिंकमध्ये.
एकतीस नंबरची बाटली मी डब्याच्या पिशवीत टाकली.
साल ब्याऐंशीच्या आसपास,
दोन-चार वर्षं इकडेतिकडे.
त्याच्या शेवटच्या मिठाचं साल.

त्याने बाटली ट्यूबलाइटपुढे धरली.
"आमचे आगराची वाफ असंल काय गो यान?"
हिशेब करता येत नाही, म्हटलं.
मग म्हटलं, नाही असंही सांगता येत नाही.
त्याने करंगळी भिजवली. जिभेला लावली.
थुंकला नाही.
टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी घराबाहेर काढत होतं,
आई म्हणाली आवाज कमी करा,
आणि बराच वेळ तो जीभ टाळूला लावून बसला,
परवाचा अंदाज घेत असल्यासारखा.

"यान कोन नाय," तो म्हणाला.
मग, बाटलीचं झाकण लावता लावता:
"हलका उरतं गो. हलका उरतं."

मी शहरात शिकलेली, ड ला ड म्हणणारी.
आमच्या बोलीत घोड्याचा घोरा होतो,
गाडीची गारी,
आणि उडतं ते उरतं.
मी मान डोलावली, हो, हलकं आधी उडतं,
पुस्तकातही हेच आहे.
झोपताना वाटलं, कदाचित तो तसं म्हणत नसेल.
त्याच्या कोंडीत जड मागे राहिलं होतं,
पोत्यांत भरलं, मापलं, विकलं, खाल्लं,
त्यातला खडासुद्धा आज कुठे नाही.
गेलं ते तेवढं
कुठेतरी थरावर थर होऊन पडून होतं,
वर्षानुसार, न विसरता.

उठून विचारावं म्हटलं.
तो घोरत होता.

सकाळी ट्रेमध्ये एक भोक रिकामं.
रजिस्टरात प्रत्येक बाटलीपुढे रकाना असतो:
मोजलं किती, उरलं किती.
एकतीससमोर मी लिहिलं, उरलं.
पुढे आकडा घातला नाही.
मग मोरबेची बाटली लावली,
आणि तिचे पहिले तीन
नेहमीप्रमाणे खोडले.